मिशी शिल्लक, माणूस बेपत्ता

१

शेवटी नायक फ्रीझरमध्ये सापडला, मटारच्या पिशवीखाली, आणि त्याला नाकं जरा जास्तच होती.

आता हे वाक्य विसरायचं. असं काही घडलेलंच नाही. मटार जागच्या जागी आहेत, आणि नायक बेपत्ता आहे हे अजून कुणाच्या गावीही नाही. सकाळ आहे, नववीचा वर्ग आहे, चित्रकलेचा तास आहे, आणि शंका नावाची मुलगी छातीशी मोठं खाकी पाकीट धरून बाईंच्या टेबलापाशी उभी आहे.

शंका हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. बोलायला लागल्यापासून 'का' विचारत आल्यामुळे ते तिला चिकटलं होतं, आणि त्यावर करता येण्यासारखे सगळे विनोद वर्गाने सहावीतच वापरून संपवले होते. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला गटात कुणी घेत नाही. तक्ता चिकटवायच्या वेळी 'पण निळाच का?' म्हणणारी मुलगी कुणाला हवी असते? म्हणून आजवरचे सगळे प्रकल्प तिने एकटीने केले होते. एकटीने ज्वालामुखी, एकटीने पथनाट्य, एकदा तर एकटीने समूहगान. या वर्षी पहिल्यांदाच एका गटाने तिला आपणहून घेतलं होतं. का घेतलं, एवढा एकच प्रश्न तिने जन्मात विचारला नव्हता. उत्तर आलं तर काय घ्या.

प्रकल्प होता आठ पानांच्या कॉमिकचा. सगळं हाताने काढायचं, प्रत एकच. सगळ्यांत चांगलं कॉमिक शाळेच्या प्रदर्शनात लागणार होतं.

या गटाच्या गोष्टीत दंतराणी नावाची खलनायिका गावातल्या सगळ्यांचे दात चोरते. ती आणि गावकरी काढायचं काम ताईसाहेबांकडे. ताईसाहेब म्हणजे वर्गातलीच एक मुलगी. पण ती साधी पट्टीसुद्धा हुकूम सोडल्यासारखी मागायची, त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना लोकांच्या तोंडून आपोआप 'त्या' निघे. ढग या मुलाला माणसं काढता येत नसत, म्हणून घरं, रस्ते आणि आकाश त्याच्याकडे. शिवाय जिथे काळंभोर भरायचं असेल तिथे जाड मार्कर घेऊन तोच जायचा. गोष्टीचा नायक जागत्या, म्हणजे भरघोस मिशीचा रात्रीचा पहारेकरी, तो काढायचा नक्कीने. हा मुलगा कुठलीही गोष्ट करण्याआधी 'नक्की ना?' विचारायचा आणि केल्यावर पुन्हा विचारायचा, म्हणून नक्की. बोलण्याचे फुगे शंकाचे.

काल शाळा सुटताना चौघांनी आठही पानं डोळे भरून पाहिली होती. मग ताईसाहेबांच्या आज्ञेवरून शंकाने ती दुकानात नेऊन लॅमिनेट करून घेतली, पाकिटातून घरी नेली आणि कपाटावर ठेवली. आज तिने बाईंसमोर पाकीट उघडलं.

पहिल्या पानावर गाव होतं. हातात सांडशी घेतलेली दंतराणी होती. दिव्याचा खांब होता. आणि खांबाशेजारी, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, हवेत एक मिशी होती.

मिशीच्या वर कुणी नव्हतं, खालीही कुणी नव्हतं. जमिनीवर एका धिप्पाड माणसाची सावली मात्र व्यवस्थित पडली होती. मिशीच्या बाजूने फुगा निघाला होता: 'घाबरू नका, मी आलोय.'

२

बाईंनी सगळी पानं उलटली. दुसऱ्यावर मिशी जिना चढत होती. पाचव्यावर दंतराणी कुणीही न धरता धरली गेल्यासारखी ओरडत होती. आठव्यावर सगळं गाव परत मिळालेले दात दाखवत, मिशीला खांद्यावर घेऊन नाचत होतं. खांद्यावर ओझं नव्हतं तरी गावकरी वाकलेले होते.

बाईंनी पहिलं पान पुन्हा वर घेतलं. मग त्यांनी विचारलं, "हे मुद्दाम असं केलंय का?"

त्यांच्या आवाजात चक्क आशा होती. प्रदर्शनाला बाहेरचे परीक्षक यायचे, आणि परीक्षकांना न समजलेलं आवडतं हा बाईंचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता.

"हो," ताईसाहेब म्हणाल्या.

"नाही," शंका म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकाच वेळी आली. पण तोवर नक्कीने मागे रडायला सुरुवात केली होती, त्यामुळे 'हो'चा फार टिकाव लागला नाही.

दुसऱ्याचं काम बिघडवणारा गटाबाहेर, हा बाईंच्या तासाचा नियम होता. पाकीट कुणाकडे होतं, असं बाईंनी विचारलं. ताईसाहेबांनी आणि नक्कीने शंकाकडे पाहिलं. ढगने भल्या माणसासारखं छताकडे पाहिलं, पण त्याचा अर्थ तोच होत होता.

बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. उद्या पहिल्या तासाला खरं काय ते कळलं पाहिजे, नाहीतर ज्याच्या हाती पाकीट होतं त्यालाच धरावं लागेल, असं त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. वर धीरही दिला, "आणि समजा तसं झालंच, तर तू तुझं वेगळं करशील गं. तुला सवय आहे."

यातलं शेवटचं वाक्य शंकाला दिवसभर बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

तिने पानं खिडकीपाशी नेली. प्लास्टिकच्या चारही कडा पक्क्या, कुठे चीर नाही, फुगवटा नाही. म्हणजे नायक एकतर प्लास्टिक लागण्याआधी गेला, किंवा लागल्यावर आतल्या आत गेला. आधीचा सगळा वेळ पानं तिच्याच हातात होती. आणि आतल्या आत माणूस जात नाही.

तिने स्वतःचा संशय घेऊन पाहिला. स्वतःला उलटसुलट प्रश्न विचारले. आरोपीची उत्तरं गुळमुळीत होती.

३

मधल्या सुट्टीत तिने तपासाला सुरुवात केली ती ताईसाहेबांपासून. कारण हेतू त्यांच्याकडे होता. दंतराणी जिंकली पाहिजे म्हणून त्या महिनाभर भांडल्या होत्या, आणि हरतानासुद्धा तिचे केस विस्कटलेले दाखवायचे नाहीत या अटीवर तयार झाल्या होत्या.

"मी केलं असतं तर मिशी ठेवली असती का?" ताईसाहेबांनी सफरचंद कापत विचारलं. "माणसाकडून हरणं वेगळं. माझी राणी आता एका मिशीकडून हरते आहे. हे मी स्वतःच्या हाताने करीन?"

यात तथ्य होतं. शंकाने मनातल्या मनात ताईसाहेबांच्या नावावर काट मारली, आणि लगेच बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

ढग मात्र संशयास्पद आनंदात होता. त्याचं काहीच हरवलं नव्हतं. घरं होती, आकाश होतं, आणि नीट पाहिलं तर मिशी आणि सावलीही त्याचीच होती. कारण नक्की नुसत्या रेषा काढून सोडायचा आणि आतलं काळं मार्करने ढग भरायचा. म्हणजे नायकातलं जेवढं ढगचं, तेवढंच उरलं होतं. शंकाने हे त्याच्या तोंडावर सांगितल्यावर तो आधी खूश झाला आणि मग त्याला अर्थ कळला.

आपण खोडायला गेलो तर कागद फाटतो, हे अख्ख्या शाळेला माहीत आहे, असा त्याचा बचाव होता. आपला हात जड. शंकाने पान उन्हात तिरकं धरलं. कागद गुळगुळीत होता, कुठे घासल्याची खूण नाही. पण जिथे जागत्या असायचा तिथे पेनाने दाबलेल्या बारीक चऱ्या दिसत होत्या. खांदे, हात, बूट, सगळं. रेघांची जागा शिल्लक, आतली शाई तेवढी गेलेली. भुताने कपडे काढून ठेवावेत तसं.

नक्की बाकावर एकटाच ब्रेड खात रडत होता. दोन्ही एकदम करत असल्यामुळे कुठलंच धड होत नव्हतं. जागत्यासाठी त्याने जीव काढला होता. पाचव्या पानावरचं नाकच त्याने किती वेळा काढून खोडलं होतं याची गणती नव्हती. त्याच्या पेनाला मागे एक रबरी टोक होतं. त्याने घासलं की शाई जायची, डागही राहायचा नाही. ज्याला कशाचीच खात्री नाही अशा मुलासाठी तो पेन म्हणजे देव होता.

"माझ्याच मागे का लागलाय तो?" नक्की म्हणाला.

कोण, असं शंकाने विचारलं. तेव्हा कळलं की नक्कीच्या मते शाळेत एक नावचोर आहे. नक्कीच्या डब्याच्या झाकणावर कागदाची पट्टी होती. तिच्यावर तो रोज सकाळी स्वतःचं नाव लिहायचा, आणि दुपारपर्यंत ते गेलेलं असायचं. वर्गात सांगून उपयोग नव्हता, लोक हसतात.

शंकाने डबा पाहिला. नाव होतं.

"आज ब्रेड आणलाय ना," नक्की म्हणाला. "ब्रेड असला की तो येत नाही. गरमागरम जेवण असलं की येतो. खायला हात लावत नाही, नुसतं नाव नेतो."

आणि मागच्या महिन्यात तर वेगळंच झालं होतं. नक्कीच्या आईने उरलेलं जेवण त्याच डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पट्टीवर नक्कीचं नाव एकावर एक, इतक्या वेळा उमटलं होतं की वाचता येईना. चोराला पश्चात्ताप झाला असावा, असं नक्कीचं मत पडलं.

शंका डोकं धरून बसली. एक चोर, जो जेवण सोडून नाव नेतो, ब्रेडला घाबरतो आणि परत करायच्या वेळी फ्रीजमध्ये शिरतो. सकाळी तिच्यापुढे एक कोडं होतं. आता दोन झाली होती, आणि दुसरं जास्त मूर्ख होतं.

४

शाळा सुटल्यावर ती लॅमिनेशनच्या दुकानात गेली. दुकानदारकाका तिला बघताच हात वर करून मोकळे झाले. पैसे परत मिळणार नाहीत, कागद वाकडा गेला असेल तर तो कागदच मुळात वाकडा होता.

तिने मिशी दाखवली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून पान जवळून पाहिलं आणि छान आहे म्हणाले. कुणाची आहे, असंही विचारलं.

काल पानं आत घालताना यात माणूस होता का, हा तिचा प्रश्न काकांना जरा आगाऊ वाटला. आपण चित्र बघत नाही, कोपरे बघतो, असं त्यांनी सांगितलं. लोक काय काय घेऊन येतात. लग्नाचे फोटो, पदव्या, आजोबांची पहिली कविता. सगळं बघत बसलं तर माणूस खलास होईल. कोपरे सरळ गेले, संपलं. मग पानं बाहेर आल्यावर तरी पाहिली असतील, असं तिने चिकाटीने विचारलं.

"बाहेर आल्यावर तर मुळीच नाही," काका म्हणाले. "बोट भाजतं. मी पंख्याखाली जाऊन उभा राहतो."

"भाजतं?"

"मग काय गं. प्लास्टिक चिकटणार कसं? आतले रूळ तव्यासारखे तापतात. थंड मशीनमध्ये घातलंस तर जसंच्या तसं बाहेर येईल, काही फरक पडणार नाही."

प्रश्न न विचारता शंका इतका वेळ उभी राहिली की काकांनी तिला पाणी विचारलं. मग ती एकदम धावत सुटली. पाकीट काउंटरवरच राहिलं होतं, म्हणून धावत परत आली, ते उचललं, आणि काकांचे आभार मानून पुन्हा धावली. काकांनी सवयीने पाकिटाचे कोपरे तेवढे पाहिले.

५

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती तिन्ही संशयित बसले होते. शंकाच्या आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिने प्रत्येकाला दूध दिलं. तपासाचं गांभीर्य थोडं कमी झालं, पण इलाज नव्हता.

शंकाने नक्कीचा पेन मागून घेतला. एका कागदावर मार्करने मिशी काढली, आणि मिशीभोवती नक्कीच्या पेनाने एक चेहरा. मग आईला तापलेला तवा मागितला. कशाला, असं आईने विचारलं. माणूस शोधायला, असं उत्तर आल्यावर तिने तवा दिला आणि स्वतःही खुर्ची ओढून बसली.

तवा कागदावर टेकवून उचलला. चेहरा गेला होता. मिशी होती.

"नावचोर," ढग हळूच म्हणाला.

मग शंकाने सगळं उलगडून सांगितलं. या पेनाची शाई उष्णतेने जाते. मागचं रबरी टोक काही खोडत नाही, ते घासलं की कागद तापतो आणि ताप लागला की शाई दिसेनाशी होते. म्हणून गरम डब्यावरचं नाव जायचं आणि ब्रेडच्या दिवशी राहायचं. म्हणून कागदावर ओरखडा नाही, पण चऱ्या आहेत. ताईसाहेबांचा पेन साधा, ढगचा मार्कर साधा, तिचा स्वतःचा पेन साधा. उष्णतेने जाणाऱ्या शाईत फक्त एकजण काढलेला होता, आणि त्याला तिने स्वतःच्या हाताने नेऊन तापलेल्या रुळांमधून पार केलं होतं.

नक्कीचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मीच?" तो म्हणाला. "मग गटाबाहेर मी. नक्की?"

"पेन तुझा," शंका म्हणाली. "पानं नेली मी. लॅमिनेट करायची कल्पना ताईसाहेबांची."

"आणि माझा?" ढगने विचारलं. "माझा यात काहीच हात नाही?" तो जरा हिरमुसला होता.

ताईसाहेबांनी दुधाचा पेला खाली ठेवला. बाईंच्या नियमात 'दुसऱ्याचं काम' असं आहे, हे त्यांनी वकिली सुरात लक्षात आणून दिलं. नक्कीने बिघडवलं ते स्वतःचं. पण नायक नसेल तर प्रदर्शन नाही, आणि तव्याची गोष्ट बाईंना पटेलच असं नाही. पुरावा म्हणून नायकच हवा.

"फ्रीझर," शंका म्हणाली.

तिघांना कळेना. तापून गेलं ते गारठून परत येतं, हे नक्कीच्या डब्याने आधीच सिद्ध केलं होतं; नक्कीने फक्त ते चोराच्या सद्सद्विवेकबुद्धीवर ढकललं होतं. आईने एवढंच बजावलं की मटार सांडता कामा नयेत.

६

सकाळी तिघंही शाळेच्या आधी तिच्याकडे हजर झाले. शंकाने मटारची पिशवी बाजूला केली आणि पानं काढली.

जागत्या आला होता. पण शाईला काय ठेवायचं आणि काय नाही हे कळत नाही, त्यामुळे नक्कीने आजवर काढून खोडलेलं सगळंच त्याच्यासोबत आलं होतं. पाचव्या पानावर नायकाला सात नाकं होती. दुसऱ्या पानावर तो चार पायांनी जिना चढत होता. दंतराणीला पकडताना त्याचे हात इतके झाले होते की ती हरली यात आता कुणाला नवल वाटलं नसतं. ताईसाहेबांनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि हे चालेल म्हणाल्या.

पहिल्या पानाच्या समासात मात्र चित्र नव्हतं. तिथे तीन वेगवेगळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. शंका वाचायला लागली तसा नक्की आधी लाल झाला, मग दाराकडे सरकला. गट ठरला त्या दिवशी तिघं ग्रंथालयात बसले होते. तिथे बोलायला बंदी. म्हणून नक्कीचा एकच पेन फिरवत, तेव्हा कोऱ्या असलेल्या याच कागदाच्या समासात लिहून बोलले होते, आणि मग खोडलं होतं.

'चौथं कोण?'

'शंका सोडून कुणीही.' हे अक्षर टोकदार होतं.

'पण फुग्यांत लिहायचं काय, ते तिलाच सुचेल. आपल्याला तिघांना मिळून एक वाक्य सुचत नाहीये.' हे ढगचं.

'मलाही तीच हवी. नक्की.'

त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. नक्कीच्या अक्षरात एवढं ठाम वाक्य शंकाने आजवर पाहिलं नव्हतं.

तिने ताईसाहेबांकडे पाहिलं.

"मी नको होते?"

"तू फुग्यांमध्ये स्वतःचे प्रश्न घालशील असं वाटलं होतं," ताईसाहेब म्हणाल्या.

"मग?"

"घातलेस. दंतराणी तिसऱ्या पानावर विचारते ना, 'चोरलेले दात ठेवायचे कुठे?' मला ते सुचलं नसतं." त्यांनी पानं गोळा करून पाकिटात सरळ रचली. "चल, उशीर होतोय."

शंकाला आपल्याला वाईट वाटतंय की बरं, हे ठरवता येईना. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि नक्कीच्या ब्रेडसारखं कुठलंच धड होत नव्हतं. ती बूट घालून त्यांच्या मागोमाग निघाली. रस्त्यात ढगने काही न बोलता तिचं दप्तर आपल्या खांद्यावर अडकवलं. त्याचा हात जड होता, त्यामुळे पट्टा तुटला.

७

बाईंनी तव्याची हकिकत ऐकली, नाकं मोजली, पुन्हा मोजली आणि समास वाचला. कुणालाही गटाबाहेर काढायचं कारण उरलं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. कॉमिक प्रदर्शनात लागलं. एक परीक्षक सात नाकांसमोर चष्मा पुसत बराच वेळ उभे होते, आणि जाताना बाईंचा हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटले. काय, ते बाईंना अजून कळलेलं नाही.

त्यानंतरच्या तासाला बाई सहज बोलून गेल्या की दहावीला गुणांप्रमाणे तुकड्या बदलतात, तेव्हा हे गट वगैरे यंदापुरतेच. शंकाने हात वर केला नाही. सुट्टीत चौघं एका बाकावर बसली आणि पुढील अर्ज साध्या शाईत लिहून कार्यालयात देण्यात आला. त्याची पोच मिळालेली आहे.

प्रति,
मा. मुख्याध्यापक यांस,

विषय: आम्हा चौघांना एकत्रित नापास करून मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आम्ही खाली सह्या करणारे नववीचे विद्यार्थी एकाच गटात आहोत व राहू इच्छितो. गुणांप्रमाणे तुकड्या झाल्यास आम्ही चार दिशांना जाऊ, हे आमच्या निदर्शनास आले आहे. सबब आम्हा चौघांनाही यंदा समान गुणांनी नापास करावे. आमच्यापैकी एकीस नापास होण्याचा पूर्वानुभव नाही. तथापि योग्य मार्गदर्शन मिळाल्यास त्या प्रयत्न करण्यास तयार आहेत. एका सदस्याची सही सोबत जोडली आहे, परंतु ती नक्की समजू नये.

वरीलप्रमाणे करणे नियमात बसत नसल्यास, दहावीचा वर्ग एका वर्षापुरता रद्द करण्यात यावा, ही नम्र विनंती.